दार राहिलं

पुंता अरेनासमध्ये नोव्हेंबरात अंगणात तंबू ठोकत नाहीत.
चौकात माणसांना धरायला दोर बांधतात इथे,
कापडाची काय कथा.
गेल्या वर्षी दुकानातून आणलेला, अस्वलाच्या चित्राचा,
तो सामुद्रधुनी ओलांडून तिएर्रा देल फ्वेगोकडे गेला.
मिलेंका दोन दिवस त्याला हात करत होती.

म्हणून यंदा घरात.
म्हणून मी, येर्को, गोदीतला वेल्डर,
सासूच्या शिलाई मशीनपुढे
गुडघे कानाशी घेऊन बसलेला.

जेवणघराचा जुना पडदा, मोहरीच्या रंगाचा.
एक चादर, जिच्यावर नोएमीने एकदा कॉफी सांडली
आणि त्या दिवशी कुणी कुणाला बोललं नाही.
झाडूंचे चार दांडे.
लाउतारोने आणून ठेवलेला एक दगड.
कशाला रे? तर म्हणे, लागेल.

फरशीवर त्रिकोण आखले खडूने,
जहाजाच्या पत्र्यावर आखतो तसे,
आणि बरोब्बर रेघेवर कापले.
शेजारच्या इवांकाबाई साखर मागायला आल्या होत्या.
वाटी हातातच राहिली.
"माया कुठाय?"
मी म्हटलं, कोण माया?
"अरे, शिलाईत जातं ते कापड. बोटभर.
जे कुणाला दिसायचं नाही ते आधी सोडायचं,
मग बाकीचं मापायचं."

लोखंडाला हे नसतं.
लोखंड काठाला काठ लावून जुळतं,
जोड वर उठून दिसतो, बोटाने चाचपता येतो,
निरीक्षक येतो तो त्यावरच सही करतो.
कापडाचा जोड उलट्या अंगाने मारायचा,
आतलं सगळं बाहेर ठेवून,
आणि शेवटी मोज्यासारखं सुलट करायचं.
तीन सुया मोडल्या.
एक बाजू माझ्या शर्टाच्या बाहीसकट शिवली गेली,
हे उठताना कळलं.
उसवली. परत शिवली.

रात्री साडेनऊला, खिडकीत उजेड रेंगाळत असताना
तंबू उभा राहिला.
थोडा आखूड, थोडा वाकडा,
पण उभा.
मुलांनी एक फेरी मारली.
मग दुसरी, जरा सावकाश.
"पापा, दार?"

चारही बाजू मी शिवल्या होत्या.
दुहेरी शिलाई. पाणी शिरलं नसतं.
लाउतारोने दगड घेऊन कापडावर ठोठावलं
आणि वाट पाहिली.
आतून कुणी काही बोललं नाही.

कापणं मात्र मला येतं.
कात्री खुपसली, वरून खाली सरळ आणली,
मिलेंकाने डोळे मिटून घेतले होते, जणू माशाचं पोट.
दोघं आत घुसली. उशा गेल्या, बिस्किटं गेली, दगड गेला.
मी वाकलो तर म्हणे, परवलीचा शब्द?
मी म्हटलं जहाज. मग पेंग्विन. मग बिस्किट.
नाही, नाही, नाही.
बराच वेळ खुसखुस चालली,
मग नुसता वारा.

नोएमी सकाळी आली, सॅमनच्या कारखान्यातली रात्रपाळी करून,
केसांत ती जाळीची टोपी तशीच.
काही विचारलं नाही तिने.
गुडघ्यांवर बसली, फटीशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली,
आणि आत झोपेतच कुणीतरी हो म्हणालं.
आता तिचे पाय बाहेर आहेत,
एक मोजा करडा, एक हिरवा.

दाराचा काठ रात्रभरात उसवायला लागलाय,
दोरे लोंबतायत.
रिळातला धागा संपला,
मी न्हाणीघरातून दात साफ करायचा दोरा आणला.
तो तुटत नाही, नुसता पुदिन्याचा वास येतो.
काठ बोटभर आत दुमडतोय, हाताने टाके घालतोय.
दुमडीत जाईल तेवढं दार मोठं होणार,
होऊ दे.
रस्त्यावरून कुणाच्या तरी पिंपाचं झाकण धावत गेलं.
टाका. गाठ. टाका.
नोएमीचा पाय अलगद उचलला,
त्याच्याखालचा काठही घेतला.